फायबर गायरोचा प्रकाश: लेसर, अर्बियम आणि पुन्हा लेसर

फायबर ऑप्टिक गायरोस्कोप हे कोनीय वेग मोजणारे उपकरण आहे. भिरभिरणारे चाक, बेअरिंग किंवा मोटर असा एकही हलता भाग त्यात नसतो. एका प्रकाशाचे दोन वाटे करून ते काचतंतूच्या एकाच वेटोळ्यात दोन टोकांनी सोडतात आणि फेरी पूर्ण झाल्यावर पुन्हा एकत्र आणतात. वेटोळे स्थिर असेल तर दोन्ही वाट्यांना सारखाच वेळ लागतो. ते फिरत असेल तर फिरण्याच्या दिशेने निघालेल्या प्रकाशाला किंचित जास्त अंतर कापावे लागते आणि उलट दिशेच्या प्रकाशाला किंचित कमी. त्यातून दोन लहरींमध्ये कलांतर निर्माण होते आणि ते मोजले की फिरण्याचा वेग कळतो.

हे उपकरण १९७६ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि १९९० च्या दशकात बोइंग ७७७ सारख्या प्रवासी विमानांच्या राखीव संदर्भ यंत्रणेत बसले. आज ते जहाजे, पाणबुड्या आणि उपग्रह यांना दिशा दाखवते. या वाटचालीत तंतू सुधारला, वेटोळे गुंडाळण्याची रीत सुधारली, इलेक्ट्रॉनिक्सही सुधारले. अचूकतेच्या मोठ्या पायऱ्या मात्र प्रकाशाचा स्रोत बदलल्यावर चढता आल्या. त्या बदलांची दिशा अपेक्षेच्या उलट होती. सर्वांत शुद्ध प्रकाश देणारा लेसर बाजूला ठेवून मुद्दाम कमी शुद्ध प्रकाश निवडावा लागला.

लेसरपूर्वीचे प्रयोग

फिरत्या चौकटीतील प्रकाशाचा हा परिणाम फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांच्या नावाने ओळखला जातो. १९१३ मध्ये त्यांनी प्रकाशस्रोत, आरसे आणि छायाचित्रणाची काच हे सर्व एकाच फिरत्या टेबलावर बसवले. टेबल सेकंदाला सुमारे दोन फेरे घेई. दिशा उलटी केली की व्यतिकरणाच्या पट्ट्या सरकत. हा प्रकाशाचे माध्यम मानल्या जाणाऱ्या ईथरच्या अस्तित्वाचा पुरावा आहे असे सान्याक यांचे मत होते. प्रत्यक्षात सापेक्षता सिद्धान्तातूनही तेच उत्तर मिळते. माक्स फॉन लाउए यांनी ते प्रयोगाच्या दोन वर्षे आधी दाखवून दिले होते.

परिणाम इतका क्षीण होता की त्याचा उपकरण म्हणून विचार करणे कठीण होते. १९२५ मध्ये अल्बर्ट मायकेलसन आणि हेन्री गेल यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात क्लिअरिंग येथे पृथ्वीचे परिवलन याच पद्धतीने मोजले. त्यासाठी सुमारे ६१२ मीटर लांब आणि ३३९ मीटर रुंद आयताच्या आकारात नळ टाकून त्यातली हवा काढावी लागली. एवढे करूनही पट्ट्या एका पट्टीच्या जेमतेम पाव भागाइतक्या सरकल्या.

लेसर आला आणि चित्र पालटले. १९६३ मध्ये अमेरिकेतील स्पेरी कंपनीत मासेक आणि डेव्हिस यांनी चार बाजूंच्या बंद मार्गात हेलियम-निऑन लेसर चालवून परिवलन मोजले. या वलय लेसर गायरोस्कोपने १९८० च्या दशकात बोइंग ७५७ आणि ७६७ विमानांत जागा मिळवली. त्याचा एक दोष मात्र मुळातला होता. परिवलन फार मंद असले की दोन दिशांचे लेसर एकमेकांना ओढून एकाच वारंवारतेला जखडले जात आणि वाचन शून्यावर अडकून पडे. त्यावर उपाय म्हणून अख्खा लेसर सतत थरथरत ठेवावा लागे. म्हणजे हलता भाग टाळायला निघालेल्या उपकरणात हालचाल परत आली. शिवाय अतिशय गुळगुळीत आरसे आणि हवाबंद काचठोकळा यांचा खर्चही मोठा होता.

वेटोळ्यातला किलोमीटर

दुसरी वाट दूरसंचाराने उघडली. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये काचतंतूतून दूरवर संदेश पाठवता येतील असे मांडले आणि १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीने त्या दृष्टीने उपयोगी पडेल इतका पारदर्शक तंतू बनवला. क्लिअरिंगचा आयत जमिनीवर आखावा लागला होता. तंतूमुळे तेवढाच लांब मार्ग तळहाताएवढ्या रिळावर मावू लागला. १९७६ मध्ये यूटा विद्यापीठात व्हिक्टर व्हाली आणि रिचर्ड शॉर्टहिल यांनी तंतूच्या वलयात सान्याक परिणाम दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी ९५० मीटर लांबीचे वलय वापरल्याचे प्रसिद्ध केले.

मोजायचे काय होते याची कल्पना आकड्यांवरून येते. १ किलोमीटर तंतू १० सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर गुंडाळला आणि १.५५ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश वापरला, तर पृथ्वीच्या ताशी १५ अंश परिवलनामुळे पडणारे कलांतर एका रेडियनच्या दहा हजाराव्या भागाएवढे असते. विमानाच्या दिक्चालनाला मात्र ताशी ०.०१ अंशापर्यंतची चूकच चालते. पृथ्वीच्या पृष्ठावर तेवढा कोन म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर. त्यामुळे अशा गायरोवर विसंबलेले विमान तासाभरात साधारण तेवढे भरकटते. ही मर्यादा गाठायची तर किलोमीटरभर धावून आलेल्या दोन लहरींच्या मार्गातला १.६ × १०⁻¹⁴ मीटरचा फरक ओळखावा लागतो. सोन्याच्या अणुकेंद्रकाचा व्यास साधारण एवढाच असतो.

तापमानाने काच याच्या कोट्यवधी पट प्रसरण पावते. तरीही मोजणी शक्य होते, कारण दोन्ही लहरी एकाच तंतूतून जातात आणि वाटेतला बदल दोघींनाही सारखाच लागू होतो. हे तत्त्व खरोखर पाळायचे तर दोन्ही लहरींनी प्रकाशाचे वाटे करणारा विभाजक, तंतूतून जाण्याची रीत (मोड) आणि ध्रुवीकरण यांच्या बाबतीत तंतोतंत एकच मार्ग चालला पाहिजे. जर्मन संशोधक राइनहार्ड उलरिख यांनी १९८० मध्ये त्यासाठीची रचना स्पष्ट केली. आत जाणारा आणि बाहेर पडणारा प्रकाश एकच मोड नेणाऱ्या एकाच तंतूतून आणि एकाच ध्रुवकातून न्यायचा, हे त्या रचनेचे मर्म होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात राल्फ बर्ग, एर्व्हे लफेव्र आणि हर्बर्ट शॉ यांनी पुढच्या वर्षी सर्व घटक तंतूवरच बनवलेला गायरो सादर केला.

शुद्धता नडते

सुरुवातीच्या प्रयोगांत प्रकाशासाठी लेसरच घेतला जाई. व्यतिकरणासाठी सुसंगत प्रकाश हवा आणि लेसरइतका सुसंगत प्रकाश दुसरा नाही, हा हिशेब सरळ होता. पण ज्या गुणासाठी लेसर नावाजला जातो तोच येथे नडला. लेसरच्या लहरी लांब अंतरापर्यंत ठेक्यात राहतात, त्यामुळे हव्या त्या दोन लहरींबरोबर नको त्या लहरींचेही व्यतिकरण होते.

अशा नको असलेल्या लहरी मुख्यतः दोन ठिकाणांहून येतात. पहिली जागा म्हणजे खुद्द काच. काच गोठताना तिच्या घनतेत सूक्ष्म चढउतार राहून जातात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि त्यातला थोडा भाग तंतूतूनच मागे फिरतो. हा परतलेला प्रकाश मुख्य लहरीत मिसळून वाचन डळमळीत करतो. स्टॅनफर्डच्या कटलर, न्यूटन आणि शॉ यांनी १९८० मध्ये या मर्यादेचा हिशेब मांडला. दुसरी जागा म्हणजे ध्रुवीकरण. तंतूला बाक किंवा दाब बसला की प्रकाशाचा काही अंश एका ध्रुवीकरणातून दुसऱ्यात गळतो. दोन्ही ध्रुवीकरणांचा वेग वेगवेगळा असतो. गळलेला अंश पुन्हा मूळ ध्रुवीकरणात आला की मार्गांची समानता मोडते.

तिसरी अडचण तंतूत जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेची होती. काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेनुसार अत्यल्प बदलतो. यालाच कर परिणाम म्हणतात. यात प्रत्येक लहरीवर स्वतःच्या तीव्रतेचा जेवढा प्रभाव पडतो त्याच्या दुप्पट समोरून येणाऱ्या लहरीचा पडतो. विभाजकाने प्रकाशाचे वाटे अगदी निम्मे-निम्मे केले नाहीत, तर परिवलन नसतानाही कलांतर दिसते. वाटे दिक्चालनाला पुरतील इतके समान करणे आणि तसेच टिकवणे कारखान्यात शक्य नव्हते.

सुपरल्युमिनेसंट डायोड

या तिन्ही दुखण्यांवर एकच औषध निघाले. ते म्हणजे रुंद वर्णपटाचा, लवकर विसंगत होणारा प्रकाश. तो लांब अंतर ठेक्यात राहत नाही. ज्या दोन लहरींचे मार्ग अगदी समान लांबीचे आहेत त्यांचेच व्यतिकरण होते आणि बाकीचा प्रकाश नुसती पार्श्वभूमी बनून राहतो. गायरोच्या दोन मुख्य लहरींचे मार्ग रचनेनेच समान असतात, त्यामुळे त्यांचे काहीच बिघडत नाही.

रुंद वर्णपट विजेच्या दिव्यातही असतो. पण तंतूचा गाभा ५ ते ९ मायक्रॉनचा असल्यामुळे दिव्याचा प्रकाश त्यात नावापुरताच शिरतो. साध्या एलईडीचीही तीच गत होते. म्हणून प्रकाशाचा ठिपका लेसरसारखा लहान आणि वर्णपट दिव्यासारखा रुंद, असा स्रोत हवा होता. तो आधीच तयार होता. बेल प्रयोगशाळेत ली, बरस आणि मिलर यांनी १९७३ मध्ये सुपरल्युमिनेसंट डायोडचे वर्णन केले होते. तो एका अर्थाने लेसर होऊ न दिलेला लेसर डायोड आहे. लेसरमध्ये दोन टोकांचे पृष्ठभाग आरशाचे काम करतात आणि प्रकाश मागेपुढे फिरून एका वारंवारतेवर स्थिरावतो. सुपरल्युमिनेसंट डायोडमध्ये टोकांना परावर्तन रोखणारा लेप देतात किंवा प्रकाशाची पट्टी तिरकी ठेवतात. त्यामुळे उत्स्फूर्तपणे बाहेर पडलेला प्रकाश एकाच फेरीत वाढून निघून जातो.

१९८१ मध्ये जर्मनीत बोम, मार्टेन, पेटरमान, वायडेल आणि उलरिख यांनी असा डायोड लावलेला, वाचन फारसे न सरकणारा गायरो प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विल्यम बर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये रुंद वर्णपटाच्या स्रोतांचा सविस्तर अभ्यास मांडला. फायदा किती होतो हे एका उदाहरणावरून दिसते. ८३० नॅनोमीटरच्या आसपास २० नॅनोमीटर रुंदीच्या प्रकाशाची सुसंगती लांबी सुमारे ३४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. मागे विखुरलेला प्रकाश मुख्य लहरीइतकेच अंतर कापून येतो तो फक्त वेटोळ्याच्या मध्यबिंदूवरून. त्यामुळे किलोमीटरभर तंतूपैकी मधले काही दशक मायक्रॉनच त्रास देऊ शकतात. ध्रुवीकरण जपणाऱ्या तंतूत गळलेला अंशही काही सेंटिमीटरांतच मागे पडून निरुपद्रवी होतो.

कर परिणामाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रुंद वर्णपटाच्या प्रकाशाची तीव्रता क्षणाक्षणाला यादृच्छिकपणे चढत-उतरत असते. अशा प्रकाशाची सरासरी काढली की लहरीचा स्वतःवरचा प्रभाव समोरच्या लहरीच्या प्रभावाइतकाच भरतो आणि दोन्ही दिशांतला फरक नाहीसा होतो. स्टॅनफर्डच्या गटाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच हे दाखवले. विभाजक थोडा असमान असला तरी मग बिघडत नाही.

तरंगलांबीचा प्रश्न

शून्याजवळची चूक आवरल्यावर दुसरी चूक उघडी पडली. सान्याक कलांतर तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून मोजलेल्या कलांतराचे अंशांत रूपांतर करताना प्रकाशाची सरासरी तरंगलांबी नेमकी माहीत असावी लागते. हेलियम-निऑन लेसरमध्ये ती अणूंनीच ठरवून दिलेली असते. अर्धवाहक डायोडमध्ये ती तापमान आणि विद्युत्प्रवाह यांच्यावर अवलंबून असते आणि अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर, म्हणजे दशलक्षात साडेतीनशे भागांनी बदलते.

याचा अर्थ असा की डायोडचे तापमान १ अंशाने बदलले आणि विमानाने एक पूर्ण गिरकी घेतली, तर दिशेत ०.१२६ अंशाची चूक येते. ताशी ०.०१ अंश सरकणाऱ्या गायरोला एवढी चूक करायला बारा तासांहून जास्त वेळ लागेल. डायोडखाली पेल्टिए शीतक लावून तापमान राखता येते. पण डायोड जुना झाला की तरंगलांबी तरीही सरकते. मध्यम अचूकतेच्या गायरोंना हे चालण्यासारखे होते. दिक्चालनाच्या आणि त्याहून वरच्या दर्जाला ते चालणारे नव्हते.

या काळात गायरोचे बाकीचे भागही घडत होते. तापमान वेटोळ्यात असमान रीतीने बदलले तर दोन लहरी एकाच जागेवरून वेगवेगळ्या क्षणी जातात आणि खोटे परिवलन दिसते. हा दोष १९८० मध्ये शूप यांनी दाखवला होता. त्यावर तंतू मध्यापासून दोन्ही बाजूंनी सममितीने थरांत गुंडाळण्याची रीत निघाली. लिथियम नायोबेटच्या एकाच चिपवर ध्रुवक, विभाजक आणि कला बदलणारे भाग आले. फ्रान्समध्ये लफेव्र आणि सहकाऱ्यांनी अंकीय प्रतिपुष्टीने कलांतर सतत शून्यावर ठेवण्याची पद्धत विकसित केली. आता साखळीतला कच्चा दुवा प्रकाशस्रोत हाच उरला.

अर्बियमचा तंतू

उत्तर पुन्हा दूरसंचाराकडूनच आले. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने अर्बियम मिसळलेल्या काचतंतूचा प्रकाशवर्धक सादर केला. ९८० किंवा १४८० नॅनोमीटरच्या लेसर डायोडने अर्बियमचे आयन उत्तेजित केले की ते १.५५ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश देतात. दूरसंचारात बाहेरून आलेला संदेश वाढवणे हे त्याचे काम. संदेश दिलाच नाही, तर आयनांनी उत्स्फूर्तपणे सोडलेला प्रकाशच तंतूत वाढत जातो आणि रुंद वर्णपटाचा स्रोत तयार होतो. दूरसंचाराच्या अभियंत्यांना हा उत्स्फूर्त प्रकाश म्हणजे नकोसा गोंगाट वाटे. गायरोला नेमका तोच हवा होता.

अर्बियमचे मोठे बलस्थान त्याच्या अणुरचनेत आहे. प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन आतल्या कवचात असतात आणि बाहेरची कवचे त्यांना काचेच्या प्रभावापासून झाकून ठेवतात. त्यामुळे तापमान बदलले तरी तरंगलांबी अंशाला दशलक्षात काही भागच सरकते. डायोडच्या मानाने ही सुधारणा कित्येक दशक पटींची होती. शिवाय शक्ती दहा-वीस मिलिवॅट सहज मिळे आणि प्रकाश तंतूतच जन्मलेला असल्याने तंतूत शिरण्याचा प्रश्नच नव्हता. तो जवळपास अध्रुवित असल्यामुळे ध्रुवीकरणाच्या चुका आणखी कमी झाल्या. १.५५ मायक्रॉनला काचेतले विखुरणे ८३० नॅनोमीटरच्या मानाने सुमारे बारा पटींनी कमी असते, हा लाभ वेगळाच.

तरी स्थिरता आपोआप आली नाही. अर्बियमच्या वर्णपटात १५३० नॅनोमीटरजवळ एक उंच शिखर आणि त्याच्या उजवीकडे लांब पठार असते. उत्तेजक लेसरची शक्ती किंवा तरंगलांबी बदलली की शिखर आणि पठार यांचे प्रमाण बदलते आणि सरासरी सरकते. स्टॅनफर्डमध्ये वायसॉकी, दिगोने, किम आणि शॉ यांनी १९९४ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. तंतूची लांबी, उत्तेजक शक्ती आणि प्रकाश पुढून घ्यायचा की मागून, एका टोकाला आरसा लावायचा की नाही, यांचा मेळ असा घालता येतो की एका कारणाने होणारा बदल दुसऱ्याने खोडला जावा. उत्तेजक लेसरची तरंगलांबी तंतूतल्या जाळीने बांधून ठेवणे आणि गायरोतून स्रोताकडे परतणारा प्रकाश आयसोलेटरने अडवणे, या उपायांनी अचूकता दशलक्षात एका भागाच्या आसपास आणता आली.

अवकाशात वेगळे संकट असते. अर्बियम नीट विरघळावे म्हणून काचेत अॅल्युमिनियम घालतात आणि अशी काच किरणोत्साराने काळवंडते. शोषण वाढले की शक्ती घटते आणि सरासरी तरंगलांबीही सरकते. काचेची घडण बदलून, तंतू आखूड ठेवून आणि उत्तेजक डायोड जास्तीचे बसवून हा धोका कमी केला जातो. २०११ मध्ये सोडलेल्या फ्रेंच प्लेयाद उपग्रहाची दिशा राखण्यासाठी फायबर गायरो बसवले गेले.

गोंगाटाची किंमत

रुंद वर्णपटाच्या प्रकाशाचा स्वतःचा एक दोष आहे. त्यातल्या असंख्य वारंवारता एकमेकींत मिसळून तीव्रतेत यादृच्छिक चढउतार करतात. कर परिणाम मिटवणारे हेच चढउतार डिटेक्टरवर गोंगाट म्हणून उमटतात. वर्णपट जितका रुंद तितका हा गोंगाट कमी, पण प्रकाशाची शक्ती वाढवून तो हटत नाही. तंतूतून पुरेसा प्रकाश परत येत असला, तरी अचूकतेची मर्यादा तो गोंगाटच ठरवतो.

त्यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला मोजण्याच्या बिंदूचा. दोन लहरींची कला अशी बदलत ठेवायची की मोजणी व्यतिकरणाच्या जवळजवळ अंधाऱ्या भागात व्हावी. तेथे संकेत घटतो, पण गोंगाट त्याहून जास्त घटतो. दुसरा उपाय वजाबाकीचा. स्रोतातून निघालेल्या प्रकाशाचा थोडा भाग वेगळ्या डिटेक्टरवर मोजायचा, वेटोळ्यातून जायला लागणाऱ्या वेळेइतका तो लांबवायचा आणि मुख्य वाचनातून वजा करायचा. १ किलोमीटर तंतूसाठी हा विलंब सुमारे ५ मायक्रोसेकंद असतो. नौदल संशोधन प्रयोगशाळेच्या मोलर आणि बर्न्स यांनी १९९१ मध्ये असा गायरो दाखवला.

पुन्हा लेसर

अर्बियमच्या स्रोतात तरंगलांबी आणि गोंगाट या दोन मर्यादा उरतात. दोन्ही बाबतींत लेसर सरस आहे. दूरसंचाराच्या बाजाराने लेसर डायोड स्थिर आणि स्वस्तही केले होते. म्हणून २०१० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मिशेल दिगोने यांच्या गटाने लेसर पुन्हा गायरोत आणला. विखुरण्यामुळे येणाऱ्या चुका लेसरच्या वर्णपटाच्या रुंदीनुसार कशा बदलतात याचे गणित त्यांनी आधी मांडले. त्यानंतर लेसरच्या प्रकाशाची कला यादृच्छिक विद्युतसंकेताने ढवळून त्याचा वर्णपट रुंद केला. मूळ तरंगलांबी स्थिर राहते, सुसंगती मात्र मोडते आणि अर्बियमसारखा तीव्रतेचा गोंगाटही येत नाही. या रीतीत मूळ वारंवारतेचा अंश पूर्ण दाबला गेला पाहिजे, नाहीतर उरलेला शुद्ध प्रकाश जुन्याच चुका परत आणतो. शामून आणि दिगोने यांनी २०१७ मध्ये अशा गायरोने विमानाच्या दिक्चालनाचा दर्जा गाठल्याचे प्रसिद्ध केले.

आज प्रत्येक स्रोताला आपापले क्षेत्र मिळाले आहे. आखूड वेटोळ्याच्या, मध्यम अचूकतेच्या आणि लहान आकाराच्या गायरोंत सुपरल्युमिनेसंट डायोड टिकून आहे. जहाजे, पाणबुड्या आणि उपग्रह यांच्या लांब वेटोळ्यांत अर्बियमचा तंतू रुळला आहे आणि त्याच्या आधाराने गायरोची अचूकता ताशी अंशाच्या हजाराव्या भागाच्याही खाली गेली आहे. अरुंद वर्णपटाचा निखळ लेसर लागतो तो अनुनादी फायबर गायरोला. त्यात प्रकाश आखूड वलयात पुन्हा पुन्हा फिरवतात. तेथे विखुरण्याचा जुना प्रश्न वेगळ्या उपायांनी हाताळावा लागतो आणि त्यावरचे काम अजून चालू आहे.